माशाच्या मांसातला दाणा कशाचा, हे कसं ओळखावं

प्रश्न असा आहे: सोलापूर जिल्ह्यात एक एकराचं तळं. त्यात पंगस आणि थोडा रोहू-कटला सोडलेला. पुण्याच्या व्यापाऱ्यानं पंगस कापला, मांसात तांदळाच्या कणीएवढे पांढरे दाणे निघाले आणि त्यानं माल परत पाठवला. त्याच तळ्यात पाण्याबरोबर आपोआप आलेल्या मरळीत एक पिवळा दाणा सापडला. तो सुईनं टोचल्यावर आतून चपटी अळी निघाली आणि ती हलत होती. दोन्ही एकच आहे का, खाल्लं तर माणसाला काही होतं का, आणि तळ्यात औषध कोणतं मारायचं?

दोन्ही एक नाहीत. आणि मांसात जाऊन बसलेल्या परजीवीवर तळ्यात ओतायचं औषध नाही, हे आधी सांगून टाकतो. पाण्यात टाकलेलं औषध कातडीवर आणि कल्ल्यांवर काम करतं. मांसात, गाठीच्या आत बसलेल्यापर्यंत ते पोचत नाही. एखाद्या औषधानं तो मेला असं धरलं तरी मेलेला दाणा मांसातच राहतो, आणि व्यापारी माल परत करायचा तो करतोच. म्हणून दुकानात जाण्याआधी नाव ठरवा. नाव ठरलं की तो तळ्यात कुणाबरोबर आला ते कळतं: बगळ्याबरोबर, गोगलगायीबरोबर, गाळातल्या किड्याबरोबर, विकत आणलेल्या बीजाबरोबर, की कच्च्या खाद्याबरोबर. त्याला अडवायचं असतं ते तिथे.

मरळीपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही निम्मं काम करून ठेवलं आहे. पिवळसर, दोन-तीन मिलिमीटरचा, कातडीखाली किंवा मांसात बसलेला गोल दाणा. फोडल्यावर आतून जिवंत, चपटी, पानासारखी अळी. हा पर्णकृमी आहे आणि सगळा संशय क्लिनोस्टोममवर जातो. खात्री करायची तर त्या अळीला मिठाच्या सौम्य पाण्यात ठेवा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साडेआठ ग्रॅम मीठ, एवढंच. साध्या पाण्यात ती फुगते आणि आकार बिघडतो. मग भिंगाखाली पाहा. पुढच्या टोकाला एक लहान चूषक, म्हणजे चिकटून बसायची वाटी, दिसेल, त्याभोवती कॉलरसारखी घडी. त्याच्या थोडं मागे, शरीराच्या पुढच्या भागातच, त्याहून बराच मोठा दुसरा चूषक. दोन चूषक म्हणजे पर्णकृमी, आणि लहान-मोठ्या चूषकांची ही जोडी कॉलरसकट दिसली तर क्लिनोस्टोमम कुळ. मरळीत युक्लिनोस्टोमम नावाचा याचा भाऊबंदही आपल्या देशात नेहमी सापडतो. त्या दोघांतला फरक आतड्याच्या फांद्यांवरून करतात. त्यासाठी अळी काचपट्टीवर चपटी करून रंगवावी लागते, ते प्रयोगशाळेवर सोडा. तळ्याच्या दृष्टीनं दोघांची गोष्ट सारखीच आहे.

ती गोष्ट अशी. याचा प्रौढ कृमी बगळ्याच्या तोंडात आणि घशात राहतो. बगळा पाण्यात चोच घालतो तेव्हा अंडी थेट पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेली सूक्ष्म अळी गोगलगायीत शिरते, तिथे एकीच्या शेकडो होतात, आणि दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या बाहेर पडून माशाची कातडी फोडून आत घुसतात. माशात त्या वाट पाहत बसतात. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे. बगळ्यानं मासा गिळला की फेरा पूर्ण. माशाकडून माशाकडे हा कधीच जात नाही, त्यामुळे एका मरळीत तो सापडला म्हणून शेजारचा पंगस तिच्यामुळे बाधित झाला असं होत नाही. तळ्यात गोगलगाय आहे आणि काठावर बगळा उतरतो, एवढंच त्या मरळीनं तुम्हाला सांगितलं. उजनीच्या परिसरात तर ढोकरी, राखी बगळा, पाणकावळा यांची वानवा नाही.

आता पंगस. इथे मी फोटो पाहून नाव सांगणार नाही, आणि कुणी सांगितलं तर तुम्हीही मानू नका. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका प्रक्रिया केंद्रात पंगसच्या फिलेटमधले, म्हणजे काटे काढलेल्या तुकडीतले, असेच दाणे पाहून मी तिथल्या तिथे मिक्सोस्पोरिडिया असं नाव सांगितलं होतं. त्या शेतकऱ्यानं माझ्या शब्दावर तळाचा गाळ उपसला, पैसा आणि आठ दिवस घालवले. नंतर काचपट्टीखाली पाहिलं तर ते मायक्रोस्पोरिडिया निघाले. नावात एवढा सारखेपणा आहे की कानाला एकच वाटावं, पण हे दोन जीव एकमेकांपासून फार दूरचे आहेत आणि तळ्यात करायचं कामही वेगळं. तेव्हापासून काचपट्टी पाहिल्याशिवाय मी बोलत नाही.

मिक्सोस्पोरिडिया हे जेलीफिशचे नातलग. ऐकायला विचित्र वाटेल, पण जेलीफिशच्या डंखपेशीत जशी गुंडाळलेली दोरी असते तशीच यांच्या बीजाणूतल्या कुपीत असते. याच कुळातल्या, पॅसिफिक सॅमनच्या मांसात साबुदाण्यासारखे दाणे करणाऱ्या हेन्नेगुया साल्मिनिकोलाच्या पेशीत मायटोकॉन्ड्रियाचा जनुकसंच उरलेलाच नाही, हे २०२० साली दाखवलं गेलं. प्राणी असून ऑक्सिजनवर श्वसन करण्याची ती यंत्रणाच त्यानं टाकून दिली आहे. ओळखण्यासाठी मात्र आपल्याला त्या कुप्याच हव्यात, कारण किती कुप्या आणि कशा मांडलेल्या यावर नाव ठरतं. मायक्रोस्पोरिडिया बुरशीच्या जवळचे. ते पेशीच्या आत वाढतात, त्यांचा बीजाणू त्याहून खूप लहान असतो आणि त्यात अशा कुप्या नसतात.

हे पाहायचं कसं? ताजा, बर्फावर ठेवलेला, न गोठवलेला मासा घ्या. दाणा चिमट्यानं सुटा करा, काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या एका थेंबात ठेवा, सुयांनी फोडा, वर आच्छादन काच ठेवून अंगठ्यानं हलकेच दाबा. आधी दहापट भिंगाखाली सगळं फिरवून पाहा, मग चारशेपट. हाताशी एवढं भिंग नसेल तर जवळच्या विज्ञान महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात मिळेल, ते नाही म्हणत नाहीत. दाण्यातून दुधासारखा द्रव पसरला आणि त्यात एकसारखे, ठाशीव कडेचे हजारो कण दिसले तर ते बीजाणू आहेत. चरबी असेल तर लहानमोठे गोल चमकदार थेंब दिसतील, एकही दुसऱ्यासारखा नाही. पू किंवा जिवाणूंची गाठ असेल तर मऊ, विस्कटलेल्या पेशी दिसतील.

बीजाणू सुमारे दहा मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), अंडाकृती, एका टोकाला पेअरच्या आकाराच्या दोन कुप्या शेजारी शेजारी: मिक्सोबोलस. तसाच बीजाणू पण मागे दोन लांब शेपट्या: हेन्नेगुया. कुपी एकच: थेलोहॅनेलस, जो आपल्या कार्प माशांत कल्ल्यांवर आणि परांवर जास्त भेटतो, मांसात क्वचित. वरून पाहिल्यावर चौकोनी किंवा चांदणीसारखा, चार किंवा अधिक कुप्या मधोमध जमलेल्या: कुडोआ, पण ते खाऱ्या पाण्याचं दुखणं, तुमच्या तळ्यात त्याची शक्यता धरू नका. शंका असेल तर आयोडीनचा एक थेंब काचेच्या कडेनं सोडा. मिक्सोबोलस आणि हेन्नेगुया यांच्या बीजाणूत बहुतेकदा एक भाग तपकिरी रंगतो, त्यानं ओळख पक्की होते.

आणि बीजाणू फारच लहान, दोन ते सहा मायक्रॉनच्या आसपास, आतमध्ये कुपी नाही, फक्त मागच्या टोकाला एक मोठी फिकट पोकळी दिसते, अशी गर्दी असेल तर मायक्रोस्पोरिडिया. हे चारशेपट भिंगात जेमतेम दिसतात. हजारपट तेलाच्या भिंगाशिवाय नाव लिहू नये. थायलंडमधल्या पंगसच्या धडाच्या स्नायूंत कबाटाना आर्थरी हा मायक्रोस्पोरिडियन नोंदलेला आहे. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात, जिथे पंगसचं पालन मोठ्या प्रमाणावर होतं, तिथले शेतकरी मांसातल्या पांढऱ्या कण्यांना सरळ तांदळाचा रोग म्हणतात, आणि त्या एका नावाखाली हे दोन्ही परजीवी मोडतात. तुमच्या व्यापाऱ्यालाही तांदळाची कणीच आठवली.

आता या फरकानं काय बदलतं ते पाहा. मिक्सोबोलसच्या गटातले परजीवी साधारणपणे माशाकडून माशाकडे थेट जात नाहीत. गाळातल्या केसासारख्या बारीक किड्यात त्यांचा अर्धा जन्म होतो. शोभेच्या माशांना खाऊ म्हणून ट्युबिफेक्स विकतात, तो याच जातकुळीतला. ट्राउटला गरगर फिरवणाऱ्या मिक्सोबोलस सेरेब्रॅलिसवर काम करताना वुल्फ आणि मार्किव्ह यांनी १९८४ साली हा दुसरा जन्म उघड केला. माशातला बीजाणू किड्यात जाऊन वेगळंच रूप घेतो, हे तोपर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे तुमच्याकडे मिक्सोबोलस निघाला तर शत्रू गाळ आहे. मायक्रोस्पोरिडियात मात्र बरेचसे बीजाणू माशाच्या तोंडावाटे थेट जातात: मेलेला मासा दुसऱ्यानं कुरतडला की झालं. तिथे शत्रू आहे मेलेले मासे पाण्यात तसेच राहणं, आणि आधीच बाधा असलेलं बीज. पहिल्यात गाळ काढायचा, दुसऱ्यात रोज सकाळी तरंगलेले मासे काढून चुन्यासकट पुरायचे आणि बीजाची जागा बदलायची. नाव चुकलं तर मेहनत चुकीच्या जागी जाते, जशी माझ्यामुळे त्या शेतकऱ्याची गेली.

प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात गाळ नसतो, मग किडा कुठून, असं पुष्कळजण विचारतात. पंगसला भरपूर खाद्य पडतं, खाली विष्ठेचा आणि उरलेल्या खाद्याचा थर दुसऱ्या हंगामातच बोटभर होतो, आणि प्लॅस्टिकवरचा तो थर या किड्याला पुरेसा असतो.

तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या वेळी कापताना दिसतील म्हणून बाकीच्यांचं सांगून ठेवतो.

लालभडक, वेटोळं घातलेला, दोऱ्यासारखा जाड, सरळ केला तर काही सेंटिमीटर भरणारा कृमी दिसला तर तो गोलकृमी, बहुधा युस्ट्रॉन्गिलाइड्स. लाल रंग त्याच्या स्वतःच्या हिमोग्लोबिनचा. हा गाळातल्या किड्यातून लहान माशात, तिथून मोठ्या माशात आणि शेवटी बगळ्यात किंवा पाणकावळ्यात जातो. म्हणून मरळ, शिवडा अशा दुसरे मासे खाणाऱ्यांत तो जास्त सापडतो. मासा मेल्यावर तो पोटातून मांसाकडे सरकतो, त्यामुळे ताज्या माशात पोटात आणि उशिरा कापलेल्यात मांसात दिसला तर गोंधळू नका. अमेरिकेत १९८० च्या दशकात गळाला लावायचे लहान मासे जिवंत गिळलेल्या मच्छीमारांच्या आतड्याला यानं भोक पाडल्याच्या नोंदी आहेत. शिजवलेल्या माशातून तसं होत नाही, पण कापणाऱ्यानं तो हातानं चेंदायची गरजही नाही.

काळे ठिपके, मिरीच्या भुकटीसारखे, कातडीत आणि वरवरच्या मांसात: तोही पर्णकृमीच, क्लिनोस्टोममपेक्षा फार लहान. काळा रंग कृमीचा नसून माशानं त्याच्याभोवती जमा केलेल्या रंगद्रव्याचा. फेरा पुन्हा गोगलगाय आणि पक्ष्याचाच. हे सगळं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत मिसिसिपी-लुइझियानाच्या कॅटफिश तळ्यांना बोल्बोफोरस या पर्णकृमीनं जेरीस आणलं ते पेलिकन पक्षी आणि गोगलगाय या जोडीनं. तिथले शेतकरी आजही तळ्याच्या काठाकाठानं गोगलगायींवर उपाय करतात, कारण पेलिकनला हात लावता येत नाही.

पांढरी, लांब, चपटी फीत पोटाच्या पोकळीत, आतड्याच्या बाहेर: लिग्युला, पट्टकृमी. ती मांसात नसते, पण मासा चिरताना मांसावर घसरून येते आणि लोक मांसातली म्हणून सांगतात. मांसातल्या पट्टकृमीच्या अळ्या थंड पाण्यातल्या ट्राउट-सॅमनमध्ये जास्त. पांढऱ्या, सुरकुतलेल्या, चूषक किंवा आतडं नसलेल्या. काचपट्टीवर त्यांच्यात चुनखडीसारखे बारीक गोल कण दिसतात, ती त्यांची खूण.

बाहेरून कातडीत रुतलेली, शेपटाकडे दोन हिरवट-पांढऱ्या पिशव्या लोंबणारी काडी म्हणजे लर्निया, नांगरकिडा. याचं डोकं खरोखर नांगरासारखं मांसात अडकतं आणि ओढून काढताना तुटून आत राहतं. कटल्यावर हा फार येतो. मासा साफ करताना उरलेलं डोकं मांसातला कृमी म्हणून दाखवलं जातं. कातडीवर लाल खड्डा आहे का, ते आधी पाहा.

परजीवी नसलेल्याही पुष्कळ गोष्टी दाणा म्हणून समोर येतात. नसांचे पांढरे दोरे, स्नायूंमधला पांढरा पडदा, चरबीचे थेंब, कार्पच्या वाय आकाराच्या बारीक काट्यांची टोकं. मायकोबॅक्टेरियमसारख्या जिवाणूंच्या गाठी तर हुबेहूब दाण्यांसारख्या दिसतात. पण त्या बहुतेकदा प्लीहा आणि मूत्रपिंडातही असतात, म्हणून फक्त मांस पाहून थांबू नका, पोट उघडून आतले अवयवही पाहा. चिलापीच्या प्लीहेत पांढरे दाणे भरलेले दिसले तर मी आधी जिवाणूंचा विचार करतो, कृमीचा नंतर. इथे एक इशारा: मायकोबॅक्टेरियम माणसाच्या हातावरच्या जखमेतून आत शिरतो. असा मासा उघड्या, कापलेल्या हातानं साफ करू नका.

आणि काही अजिबात दिसत नाहीत. चीन, थायलंड, लाओसकडे कार्प कुळातल्या माशांच्या मांसात क्लोनोर्किस आणि ओपिस्थोर्किस यांच्या अळ्या असतात, मिलिमीटरच्या एक-दोन दशांश एवढ्या. डोळ्यांना मांस स्वच्छ दिसतं. तिथे कच्चा मासा कुटून खाण्याची पद्धत आहे आणि या कृमींमुळे पित्तनलिकेचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मान्य केलेलं आहे. अशांसाठी मांस पेप्सिन आणि सौम्य आम्लात ३७ अंशांवर विरघळवतात, आपलं जठर करतं तसंच. मांस वितळतं, अळ्या तळाशी उरतात, मग चाळून भिंगाखाली मोजतात. हे प्रयोगशाळेचं काम, पण अशी सोय असते हे तुम्हाला माहीत हवं.

समुद्रातल्या पालनाचं थोडक्यात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या पाळीव अटलांटिक सॅमनमध्ये कुडोआ थिर्सिटेस असतो. मासा जिवंत असताना आणि कापताना मांस उत्तम दिसतं. नंतर काही दिवसांत परजीवीची विकरं मांस आतून विरघळवतात आणि तुकडी लापशीसारखी होते. म्हणजे दाणा शोधत बसलं तर हा हाती लागणारच नाही, मांस मऊ पडणं हीच त्याची खूण. माणसाला त्याचा त्रास नाही. जपानमध्ये मात्र पाळलेल्या चपट्या फ्लाउंडर माशाच्या कच्च्या तुकड्यांतून कुडोआ सेप्टेमपंक्टाटा पोटात गेला की काही तासांत उलट्या-जुलाब होतात, हे २०११ पासून तिथल्या सरकारनं अन्नविषबाधेच्या यादीत धरलं आहे. आणि अनिसाकिस हा समुद्री गोलकृमी, ज्याच्या नावानं सुशी खाणारे घाबरतात, तो गोळी-खाद्यावर वाढवलेल्या सॅमनमध्ये जवळपास नसतोच. तो कच्च्या माशाच्या खाद्यातून येतो. रायगडच्या खाजणातल्या तळ्यांत जिताडा वाढवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: लहान कच्चा मासा चारलात तर त्याच्या पोटातले कृमीही चारता.

पुढचा माल पाठवण्याआधी स्वतः तपासणी कशी करायची, तर एक प्रकाशाची पेटी बनवा. दुधी ॲक्रिलिकचा पाच मिलिमीटर जाडीचा पत्रा, खाली एलईडी. गोठवलेल्या फिलेटच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात यासाठी प्रकाश पंधराशे लक्स धरला आहे. कातडी काढलेली तुकडी वर ठेवून अंधाऱ्या खोलीत पाहा. दाणा सावलीसारखा उठून दिसतो. त्याच मानकात एक किलोत तीन मिलिमीटरपेक्षा मोठ्या गाठीचे किंवा, गाठीत नसतील तर, दहा मिलिमीटरपेक्षा लांब असे दोन किंवा जास्त परजीवी निघाले तर माल सदोष धरतात. व्यापाऱ्याशी बोलताना हा आकडा उपयोगी पडेल. पण या पेटीवर पूर्ण भिस्त ठेवू नका. जाड तुकडीत आत खोल बसलेलं किंवा मांसाच्याच रंगाचं तिला दिसत नाही. शंका असेल तिथे तुकडीचे पाच-पाच मिलिमीटरचे काप करा.

आणि किती मासे पाहायचे? तीन-चार माशांत काही नाही म्हणून तळं स्वच्छ असं म्हणता येत नाही. दर शंभरात दहा मासे बाधित असतील तर त्यातला एक तरी हाती लागण्यासाठी साधारण तीस मासे कापावे लागतात, पाच असतील तर साठ. एवढे जमणार नाहीत हे मला कळतं. मग जे बारीक राहिलेत, जे कडेला संथ पोहतात, ज्यांची पाठ वाकडी आहे, ते आधी उचला. तिथे सापडण्याची शक्यता जास्त.

खाण्याबद्दल. तुमच्या पंगसमधले दाणे मिक्सोबोलसचे असोत की या मायक्रोस्पोरिडियाचे, नीट शिजवलेल्या माशातून माणसाला रोग होत नाही. ते दिसायला वाईट, विकायला अडचणीचे, पण विष नव्हेत. मरळीतला क्लिनोस्टोमम कच्चा पोटात गेला तर घशाला चिकटून सूज आणतो, तशा घटना जपान आणि कोरियात नोंदल्या आहेत. माशाचा आतला भाग ६३ अंशांपर्यंत तापला की हे सगळे मरतात. आपला रस्सा किंवा तव्यावरचा तुकडा सहज त्यापुढे जातो. काळजी असते ती शेकोटीवर भाजलेल्या जाड मरळीची, जी बाहेरून काळी आणि हाडापाशी कच्ची राहते. तिच्यात नॅथोस्टोमासारखा गोलकृमी असला तर तो माणसाच्या कातडीखाली, क्वचित डोळ्यापर्यंत फिरतो. लिंबू, मीठ, हळद लावून ठेवल्यानं हे मरत नाहीत. कच्चं खायचंच असेल, म्हणजे परदेशातली मुलं हल्ली खातात तसं, तर अमेरिकेचा नियम उणे वीस अंशांवर सात दिवस असा आहे. घरच्या फ्रीजचा बर्फकप्पा बहुधा एवढा थंड नसतो.

तळ्याचं काम, तुमच्या दोन दाण्यांपुरतं. मरळीच्या बाबतीत गोगलगाय कमी करा: काठाची जलपर्णी आणि शेवाळ ओढून काढा. केळीची पानं रात्री काठाला टाकून सकाळी त्यावर चढलेल्या गोगलगायी गोळा करा. टोकदार शंखाच्या आणि चकलीसारख्या चपट्या, दोन्ही. मोरचूद टाकायचा मोह आवरा, पाणी जड की हलकं यावर त्याची मात्रा बदलते आणि मासे आधी मरतात. बगळ्यांसाठी वरून दोऱ्या किंवा जाळी ताणा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, पक्ष्यांना मारता येत नाही, आणि मारूनही दुसरे उतरतात. पाणी घेताना बारीक जाळी लावा, तुमची मरळ त्याच वाटेनं आत आली. मासे काढून झाले की तळं पूर्ण रिकामं करा, गाळाचा थर काढा, तळाला भेगा पडेपर्यंत वाळवा आणि ओल उरलेल्या जागी कळीचा चुना फेका. पुढचं पंगसचं बीज घेताना एका पिशवीतली दहा बोटुकली मागून घ्या आणि चिरून काचपट्टीवर पाहा. विकणारा नाखूश होईल. होऊ द्या.

नमुना पाठवताना तीन भाग करा. एक भाग बर्फावर, न गोठवता, चोवीस तासांत पोचेल असा. एक भाग एक सेंटिमीटरपेक्षा जाड नसलेल्या तुकड्यांत, तुकड्यांच्या दहापट आकारमानाच्या फॉर्मॅलिनमध्ये, पेशीजालाच्या तपासणीसाठी. आणि एक भाग ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी. सगळं फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, त्यात डीएनएचे तुकडे होतात. सोबत लिहून द्या: माशाची जात, वजन, बीज कुठून, पाणी कुठून, खाद्य कोणतं, दाणे पाठीकडे जास्त की पोटाकडे. मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि नागपूर, उदगीर, रत्नागिरीची मत्स्य महाविद्यालयं यांपैकी जवळची निवडा. जलचरांच्या रोगांच्या राष्ट्रीय पाहणी कार्यक्रमात नोंद व्हावी म्हणून मोबाइलवरचं रिपोर्ट फिश डिसीज हे ॲपही भरा.

परत आलेला पंगस तुम्ही गोठवून ठेवला असेल तर तो टाकू नका. गोठलेल्या मांसाचं पेशीजाल बिघडतं, पण बीजाणूंचं कवच टिकतं आणि काचपट्टीवर अजूनही ओळखता येतं. उद्याच एक दाणा फोडून चारशेपट भिंगाखाली मोबाइलनं फोटो काढा, आणि सोबत मोजपट्टी किंवा भिंगाचा आकडा लिहा. कुप्या दोन आहेत, की एकही नाही, ते आधी कळू द्या.